हार्लनच्या मागचे दिवे

बसा निवांत. रस्ता बंद केलाय, फाटक पाडलंय, पहाटेपर्यंत तुम्हाला कुणी बाहेर सोडणार नाही. टायलर, बूट शेगडीला इतके टेकवू नकोस, तळ वितळतील. कॉफी सकाळचीच आहे, पण गरम आहे.

मघाशी कुणीतरी विचारलंत, वादळात आपल्या बर्फ काढायच्या ट्रकच्या मागे एखादी गाडी लागली तर काय करायचं. नियम तुम्हाला शिकवलाय. हळू चालवायचं, मागचे दिवे चालू ठेवायचे, तिला आसऱ्यापर्यंत न्यायचं. नियम बरोबर आहे. तो मोडा असं मी म्हणत नाही. फक्त हार्लन ब्रेक्केचं काय झालं तेवढं सांगतो. तुमच्यापैकी कुणी त्याला पाहिलेला नाही. भिंतीशी कपाटं आहेत ना, त्यातलं तिसरं त्याचं होतं. सत्तावीस वर्षं त्याने इथल्या रस्त्यांवरचा बर्फ काढला. आणि हार्लन गोष्टी रचणाऱ्यातला नव्हता. त्याला साधा विनोद सांगता यायचा नाही, शेवट आधी सांगून मोकळा व्हायचा.

ह्या गोष्टीला सहा वर्षं झाली. जानेवारीची नऊ तारीख, गुरुवार. वादळ आदल्या संध्याकाळी सुरू झालं होतं. सकाळी उणे चोवीस होतं, दुपारी वारा ताशी पन्नास मैलांवर गेला. बारा वाजता उत्तरेकडच्या विजेच्या तारा तुटल्या आणि तिकडची सगळी शेतघरं अंधारात गेली. त्यातल्या एका घरात इनेज एकटी होती.

इनेज हार्लनची थोरली बहीण. एकाहत्तर वर्षांची. आई गेली तेव्हा हार्लन पाच वर्षांचा होता, इनेज सतरा. तिने लग्न केलं नाही, त्याला वाढवलं. पुढे चाळीस वर्षं शाळेची बस चालवली. आता फुप्फुसं गेली होती. नाकात नळी, आणि विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र. वीज गेली की यंत्र बंद. मग एक सिलिंडर होता, तो सहा तास पुरायचा. म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत.

हार्लनने दवाखान्यातून दोन भरलेले सिलिंडर घेतले. इनेजचं घर गावापासून तेरा मैल. अशा हवेत बर्फ ढकलायचं पातं लावलेल्या ट्रकशिवाय तिथे काहीच जाऊ शकत नव्हतं. आमचा तेव्हाचा साहेब म्हणाला, "रस्ता बंद आहे. तू ट्रक नेलास हे मी पाहिलेलं नाही. पण रेडिओ चालू ठेव." सव्वाचारला हार्लन ह्याच दारातून बाहेर पडला. तासाभराचं काम होतं. सव्वापाचला तिथे, पाऊण तास हातात ठेवून.

गाव संपायच्या आतच इनेजचा फोन आला.

"निघालास का?"

"निघालो. सिलिंडर शेजारच्या सीटवर आहेत. पट्टा लावून बसवलेत."

"त्यांना लावलास. स्वतःला लावलास का?"

"लावला."

"खोटं बोलतोयस."

हार्लनने पट्टा लावला.

"आणि कॉफी आण," ती म्हणाली. "इथली संपली."

"दुकानं उघडी असतील, नाही का?"

"तुमच्या ट्रकच्या शेडमधली आणायची होतीस. लॉयड करतो ती. घाण असते, पण माणूस मरत नाही तिने."

हे त्याने मला तोंडावर सांगितलं. त्या दिवशीही कॉफी मीच केली होती.

ती मध्ये मध्ये थांबून बोलायची. तीन शब्द, मग श्वास. हार्लनला त्याची सवय होती.

चार मैलांवर धान्याच्या कोठाराचा चौरस्ता लागतो, तुम्हाला माहीतच आहे. कोठार एवढं उंच, पण त्या दिवशी दिसलंसुद्धा नाही. अंधार पडला होता. हार्लन कडेच्या खांबांवरच्या चमकत्या पट्ट्या मोजत चालला होता. एक दिसली की पुढे, दिसली नाही की थांब. घड्याळात पाचला सोळा मिनिटं कमी होती. चौरस्ता ओलांडला आणि त्याने सहज आरशात बघितलं.

मागे दोन दिवे होते.

लहान गाडीचे, खाली, जवळजवळ. उजवा जरा पिवळट, डावा पांढरा. साठ-सत्तर पावलांवर असतील. हार्लनला आधी रागच आला. फाटक पाडलेलं असताना हा कोण शहाणा बाहेर पडला? मग वाटलं, बिचारा कधीचा चौरस्त्यावर अडकला असेल, ट्रकचे दिवे दिसले आणि मागे लागला. कुणीही तेच केलं असतं.

त्याने रेडिओ घेतला. तेव्हा इथल्या रेडिओवर डॅर्लीन बसायची.

"डॅर्लीन, माझ्या मागे एक गाडी आहे. कुणी बेपत्ता आहे का बघ."

"तुझ्या मागे कुणी नाही, हार्लन. दोन्ही फाटकं सकाळपासून बंद आहेत."

"मी बघतोय ना."

"मग विचारते. पण तू थांबू नकोस. तुला सहाच्या आत पोचायचंय."

हार्लन थांबला. मागे माणसं आहेत म्हटल्यावर बघायला हवं ना. पाच मिनिटं. ट्रकमध्ये आणखी दोघं-तिघं दाटीवाटीने बसली असती. त्याने भोंगा वाजवला, मागचे दिवे उघडझाप केले, म्हणजे त्यांनी जवळ यावं. ती गाडीही थांबली. तेवढ्याच अंतरावर. कुणी उतरलं नाही, कुणी पुढे आलं नाही. उतरून तिथवर जाणं म्हणजे वेडेपणा. त्या वाऱ्यात दहा पावलांवर आपला ट्रक दिसेनासा होतो, माणसं दारापासून वीस पावलांवर गोठून मेलेली आपण काढलीत.

तो निघाला. तेही निघाले.

आता पेच असा, पोरांनो. आपण मोकळा केलेला पट्टा तसल्या वाऱ्यात तीन मिनिटांत पुन्हा भरतो. हार्लन ताशी बारा मैलांनी गेला असता, तर लहान गाडी मागे पडली असती, आणि मागे पडली की संपली. सकाळपर्यंत सापडली नसती. तिला धरून न्यायचं तर पाच मैलांनी चालायला हवं. पुढे नऊ मैल होते.

त्याने इनेजला फोन लावला. काय करू, असं त्याने विचारलं नाही. तसलं विचारणारा तो नव्हता. नुसतं सांगितलं, मागे कुणीतरी आहे.

"कोण?"

"दिसत नाही. लहान गाडी आहे."

"पोरं आहेत का आत?"

"इनेज, दिसत नाही म्हटलं ना."

फोनमध्ये नळीतून हवा जाण्याचा बारीक आवाज येत होता.

"तू हळू चल," ती म्हणाली.

"तुझ्याकडे किती राहिलाय?"

"आहे की."

"काटा बघून सांग."

"काटा दिसत नाही अंधारात. हार्ली, मी खुर्चीत बसलेय. घरात. ती माणसं रस्त्यावर आहेत. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं... नेली ह्या रस्त्याने. एक मागे टाकलं नाही. तू टाकलंस तर घरात घेणार नाही."

"बरं."

"किटलीत पाणी ठेवते. गारठली असतील."

"तू उठू नकोस."

तिने फोन ठेवला होता.

हार्लन पाच मैलांवर आला. दर मिनिटाला आरशात बघायचा. दिवे असायचे. खोलगट जागी बर्फाचा ढीग आडवा आला, पातं तीनदा मारावं लागलं, मागे पुढे, मागे पुढे. मागे घेताना तो जपून घ्यायचा, गाडीवर जाऊ नये म्हणून. ती गाडी तेवढीच मागे सरायची. बरोबर तेवढीच. चांगला चालवणारा दिसतोय, असं हार्लनला वाटलं.

साडेपाचला डॅर्लीनचा आवाज आला. "शेरीफच्या ऑफिसात विचारलं. रस्त्यावर कुणीही नाही. तुझ्या आरशात तुझेच दिवे पडत असतील."

"माझे दोन्ही पांढरे आहेत," हार्लन म्हणाला.



पावणेसहाला त्याने इनेजला फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला.

"झालंच. चार मैल राहिले."

"ती... आहेत ना मागे?"

"आहेत."

"बरं."

"तू काय करतेयस?"

"पांघरुणं... काढली. वरच्या खोलीतली."

"जिना चढलीस? इनेज, तुला सांगितलं होतं..."

"लेफ्साच्या पोळ्या आहेत थोड्या. गरम... करते."

"खाली बस. ऐकतेयस का? बस तू."

"बसले."

मग नुसता श्वास. वर-वरचा. मग तोही फोनपासून लांब गेला.

हार्लनने ट्रक थांबवला. त्याच्या मनात आलं, हे असं चालायचं नाही. त्यांना उचलून आत घेतो, गाडी तिथेच सोडतो, आणि सुटतो. त्याने सीटमागची दोरी काढली, शंभर फुटांची. एक टोक ट्रकच्या मागच्या कडीला बांधलं, एक कमरेला. आणि उतरला.

वाऱ्याने तोंड उघडता येत नव्हतं. पापण्या चिकटत होत्या. तो वाकून चालला, दिव्यांकडे. दहा पावलं. वीस. तीस. दोरी ताणली गेली. संपली.

दिवे तेवढेच लांब होते.

त्याने हाका मारल्या. हात हलवले. तो दोन्ही दिव्यांच्या उजेडात उभा होता, आतल्यांना दिसायलाच हवा होता. आतलं काही दिसेना. काचेमागे काळं.

इंजिनाचा आवाजही नव्हता. वाऱ्यामुळे येत नसेल...

मग त्याने खाली बघितलं.

त्याच्या मागे, ट्रकच्या लाल दिव्यात, बर्फ आडवा धावत होता. पाण्यासारखा. खांद्यावर, बाहीवर आपटत होता. आणि समोर, त्या दोन दिव्यांच्या उजेडात...

काही नव्हतं.

एक कण नाही. उजेड स्वच्छ. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी अंगणात पडतो तसा. दिव्यांपासून त्याच्या पायांपर्यंत. तिथे वारा नव्हता. तिथे वादळ नव्हतंच.

हार्लन वळला. दोरी धरून, हातावर हात टाकत, पळता येईल तसा पळाला. दोनदा पडला. ट्रकमध्ये चढला तेव्हा डावा हातमोजा कुठेतरी राहिला होता. बोटं पांढरी पडली होती. त्याने गियर टाकला आणि पाय दाबला.

पंधरा. वीस. पंचवीस मैल. कुणी ह्या हवेत पंचवीसने जात नाही. खांब दिसत नव्हते. रस्ता आहे की शेत, कळत नव्हतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की आरशातले दिवे मागे पडावेत.

त्याने बघितलं.

तेवढेच. साठ-सत्तर पावलांवर. एक पिवळट, एक पांढरा.

तेव्हा त्याला कळलं. ती गाडी पंचवीसने येऊ शकत होती. पहिल्यापासून. बाराने, पाचाने, कशीही. तिच्यासाठी हळू चालायची गरजच नव्हती.

सव्वासहाला तो इनेजच्या वाटेवर वळला. फळकुटावर ठोकलेली टपालपेटी त्याने उडवली, थांबला नाही. दिवे वाटेच्या तोंडाशी थांबले. आत वळले नाहीत. हार्लन सिलिंडर काखेत मारून धावला.

दार उघडं होतं. कडी काढून ठेवलेली. खिडकीत कंदील लावला होता, रस्त्यावरून दिसावा म्हणून. लाकडाच्या चुलीवर किटली उकळत होती. खुर्च्यांवर पांघरुणं घड्या घालून ठेवली होती. टेबलावर पेले मांडले होते. माणसं किती येणार ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून कपाटात होते तेवढे सगळे काढले होते. लग्नकार्यातले, आईचे, कान तुटलेले. चौदा.

इनेज खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तोंड रस्त्याकडे. नळी नाकातच. सिलिंडरचा काटा शून्यावर टेकलेला.

हार्लनने नवा सिलिंडर जोडला. चालू केला. वीस मिनिटं तो तिच्या छातीवर दाब देत राहिला, शिकवतात तसा. हात गारठलेले होते, तिचा गालच त्याच्या बोटांना गरम लागत होता. मग तोही लागेना.

त्याने उठून खिडकीतून बघितलं. वाटेच्या तोंडाशी नुसतं वादळ होतं.

रात्रभर तो तिथे बसला. रेडिओवर डॅर्लीन हाका मारत होती, तो ट्रकपाशी गेला नाही. किटलीतलं पाणी आटलं. त्याने चूल विझू दिली. आता कुणासाठी पेटती ठेवायची?

शुक्रवारी दुपारी वारा पडला. शेरीफचा माणूस, वेन नावाचा, मोठ्या गाडीने आला, इनेजला त्याच्याच गाडीत ठेवलं. हार्लन पुढे पातं लावून रस्ता काढत निघाला, वेन मागे. कोठाराच्या चौरस्त्यावर पात्याला काहीतरी निसटतं लागलं. पत्र्याचा आवाज. हार्लन उतरला. रस्त्याच्या कडेला, खड्ड्यात, बर्फाखाली, एका लहान गाडीचं छप्पर होतं.

दोघांनी फावड्यांनी काढलं. तिघं होती आत. नवरा, बायको आणि मागे चारेक वर्षांची मुलगी, आईबापांचे कोट पांघरून. दक्षिणेतली माणसं, तेलाच्या विहिरींवर नोकरी लागली म्हणून निघालेली. पातळ कोट, पायात कापडी बूट. नावं मी सांगत नाही, मुलीची आजी दर उन्हाळ्यात येऊन तिथे फुलं ठेवते. त्यांनी शहाणपणा केला होता, गाडी सोडली नव्हती. इंजिन चालू ठेवून ऊब घेत बसली होती. पण धुराची नळी बर्फाने बुजली, आणि धूर आत भरला. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना, की दर थोड्या वेळाने उतरून ती मोकळी करावी लागते.

"कधीचं असेल?" हार्लनने विचारलं.

"बुधवारी रात्रीचं," वेन म्हणाला. "दहा, फार तर अकरा. बॅटरी पार मेलीय. दिवे कधीच विझले असणार."

"मी गुरुवारी पावणेपाचला इथून गेलो."

"मग तोवर त्यांना अठरा तास झाले होते, हार्लन. तुला काही करता आलं नसतं."

वेन भला माणूस. त्याला वाटलं, हे ऐकून हार्लनला बरं वाटेल.

हार्लनने दिव्यांवरचा बर्फ हाताने पुसला. उजव्या दिव्याची काच जुनी होती. पिवळी पडलेली.

संध्याकाळी सहाला तो इथे आला. ट्रक आत घेतला, मी स्वतः मागचं मोठं दार खाली ओढलं आणि कडी घातली. तो इथे बसला, जिथे आता टायलर बसलाय, आणि सगळं सांगितलं. हाताची दोन बोटं काळी पडत चालली होती, ती पुढे कापावी लागली. बोटांकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"मी कुणासाठी हळू चाललो, लॉयड?" त्याने विचारलं.

मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"ती म्हणाली, एकाला मागे टाकलं नाही," तो म्हणाला. "आणि ती काय, लांब नव्हती माझ्यापासून. चार मैल होतं घर. चार मैल..."

त्यानंतर हार्लन परत ट्रकमध्ये बसला नाही. मुलाकडे अ‍ॅरिझोनाला गेला, तिथे बर्फ पडत नाही. मुलगा सांगायचा, बाबा रात्री गाडीत बसले की आरसा वर वळवून ठेवतात. दोन वर्षांनी गेला. झोपेत, म्हणतात.

आता एवढंच सांगायचं राहिलं. हे मी त्याला सांगितलं नाही. डॅर्लीनलाही नाही.

त्या संध्याकाळी तो इथे बसून राहिला आणि मी चाकांच्या साखळ्या बघायला मागे गेलो. आत घेतलेल्या ट्रकच्या चाकांवरून बर्फाचे काळपट गोळे फरशीवर पडतात, रोज झाडून काढतो आपण. ते पडले होते, जिथे पडायचे तिथे. ट्रकच्या मागे, बंद दारापर्यंत, पंधरा-सोळा फूट मोकळी जागा होती. तिथला दिवा लावला.

तिथे आणखी चार गोळे पडलेले होते. छोटे. दोन पुढे, दोन मागे, चौकोनात. मी पावलांनी मोजलं. आडवं अंतर पाच फूट. लहान गाडीचं असतं तेवढं.

दाराची कडी तशीच होती. वितळलेलं पाणी चारही गोळ्यांभोवती. मधली फरशी कोरडी.

शेडचं ते टोक तापवत नाहीत. तिथे फरशी बर्फासारखी असते, उघडा हात लावला तर चिकटतो. मी गुडघ्यावर बसलो. का बसलो, माहीत नाही. पुढच्या दोन गोळ्यांच्या मध्ये, जिथे इंजिन येतं तिथे, हातमोजा काढून तळवा टेकवला.

फरशी गरम होती.